तीन नंबरचं भाडं

वडिलांनी डोंबिवली पूर्वेला, आमच्या गावच्या घरामागे, सहा खोल्यांची चाळ बांधली तेव्हा आजूबाजूला अजून भातखाचरं होती. आजोबा मिठागरावर जायचे, वडिलांनी शेती केली आणि आम्हा तीन भावंडांपैकी कुणाच्याच हाताला माती लागली नाही. "आता खोल्याच पिकवायच्या," असं वडील म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. एका ओळीत सहा दारं, पुढे लांब ओटा, टोकाला पाण्याची टाकी. भाडेकरूंना नावं होतीच, पण आमच्या घरात त्यांना नंबरानेच ओळखायचे. एक नंबरवाले, चार नंबरची मावशी, सहा नंबरचा पोलीस. मी सांगतेय ती गोष्ट तीन नंबरवाल्यांची आहे. खरं तर त्यांच्यापेक्षा माझ्या दोन भावांची जास्त आहे.

तीन नंबरवाले साताऱ्याकडचे. नवरा वागळे इस्टेटमध्ये एका लहानशा कारखान्यात लेथवर काम करायचा. बायको घरी साड्यांना फॉल लावायची, ब्लाउज शिवायची. माझे ब्लाउज कित्येक वर्षं तिनेच शिवले, माझ्या मुलीच्या लग्नातलेसुद्धा. दोन मुली होत्या, दोघी अभ्यासात बऱ्या. पाण्यावरून भांडण नाही, ओट्यावर चपलांचा पसारा नाही, मोठ्याने टीव्ही नाही. तक्रार करायची तर फक्त भाड्याची.

भाडं दहा तारखेपर्यंत द्यायचं असं वडिलांनी सगळ्यांना सांगितलेलं. बाकीचे महिना लागला की द्यायला सुरुवात करायचे, कुणी दोनला, कुणी चारला. तीन नंबरवाले दहालाच. त्यातही सकाळी नाही. नवरा कामावरून यायचा, हातपाय धुवायचा, चहा घ्यायचा आणि मग ती डोक्यावर पदर घेऊन, घडी केलेल्या नोटा मुठीत धरून आमच्या दारात यायची. "बाबा, जेवला न्हाई नव्हं अजून?" असं विचारायची. वडील दारातल्या खुर्चीत तिचीच वाट बघत असायचे. नोटा न मोजता सदऱ्याच्या खिशात घालायचे आणि मगच पानावर बसायचे.

मी लग्न होऊन ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ आले होते. शाळेत शिकवायचे आणि रविवारी माहेरी चक्कर टाकायचे. एकदा दहा तारीख रविवारी आली तेव्हा मी वडिलांना म्हटलं, "बाबा, तिला सांगा ना एकदा, जरा आधी देत जा म्हणून. दर महिन्याला तुम्हाला टांगून ठेवतात."

"बुडवलं कवा?"

"बुडवलं नाही हो, पण..."

"मंग? दहा बोललो, दहाला देतान. माझीच जबान हाय ती."

विषय तिथेच संपला.

आई आधीच गेली होती. वडील गेले तेव्हा दादा नुकताच एमआयडीसीतल्या कंपनीतून निवृत्त झाला होता. तो गावच्या घरातच राहायचा. धाकटा माझ्याहून बराच लहान, एका ऑफिसात अकाउंट्सला होता. त्याने कल्याणला खडकपाड्याकडे फ्लॅट घेतला होता, कर्ज काढून. दोघांनी भाड्याचे निम्मे निम्मे घ्यायचे ठरलं. मी हक्कसोडपत्रावर सही केली. भावांनी मागितली नव्हती, मीच म्हटलं, मला काय करायचंय खोल्यांचं. सही करून बाहेर आलो तेव्हा दादाने रसवंतीवर तिघांना रस पाजला. धाकटा म्हणाला, "ताई, तुझं माहेर कुठे जात नाही." ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

भाडं गोळा करायचं काम दादाकडे आलं, आणि दादा त्या कामाचा माणूसच नव्हता. त्याला मागता येत नसे. वाण्याकडे सुटे पैसे राहिले तर तो परत मागायला जायचा नाही, बसमध्ये कंडक्टरने तिकिटामागे उरलेले पैसे लिहिले तर न घेता उतरायचा. वहिनी त्याच्यावर चिडायची. "अहो, आपलेच पैसे आहेत ना?" ती म्हणायची. तो नुसता मान हलवायचा. वडिलांच्या खुर्चीत दादा बसू लागला, दहा तारखेला तीन नंबरवाली येऊ लागली आणि अकराला दादा बँकेत जाऊन धाकट्याचा वाटा त्याच्या खात्यात भरू लागला. काही वर्षं असंच चाललं.

मग एकदा धाकट्याचा फोन आला. शाळेतून येऊन मी चहा टाकत होते.

"ताई, तूच सांग आता. माझा हप्ता पाच तारखेला कापला जातो. या महिन्यात खात्यात कमी पडले, हप्ता बाउन्स झाला. बँकेचा माणूस माझ्याशी कसा बोलला माहितीये? मी स्वतः लोकांचे हिशेब तपासतो, आणि मला ऐकून घ्यावं लागलं."

"दादाला सांग ना."

"तीनदा सांगितलं. पाच तारखेच्या आत सगळ्यांकडून घे म्हटलं. हो बोलतो. करत काही नाही. ते तीन नंबरवाले डोक्यावर बसलेत त्याच्या."

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "सांगतो बाय, सांगतो त्यांना." मला दादा लहानपणापासून बायच म्हणतो. मी धाकट्याला कळवलं, दादा सांगणार आहे. आणि जोडीला असंही म्हटलं की पुढचं तुमचं तुम्ही बघा रे, माझी सही झालीय, मी त्यात कशाला तोंड घालू. मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. सासरीसुद्धा सगळे म्हणाले, बरं केलंस.

पुढच्या महिन्यापासून पाच तारखेच्या आत धाकट्याच्या खात्यात पूर्ण पैसे यायला लागले. एकही महिना चुकला नाही. धाकटा एकदम खूश. "बघितलंस ताई? थोडं कडक झालं की सगळं होतं. दादाला तेवढंच जमत नव्हतं," असं तो मला म्हणाला. त्याच्या मेहुण्याचीही अंबरनाथला एक खोली भाड्याने दिलेली होती, तिथल्या भाडेकरूचा त्याला त्रास. एका बारशाला मी त्यांच्या शेजारी बसले होते तेव्हा धाकटा मेहुण्याला समजावत होता, "भाडेकरूला तारीख ठरवून द्यायची आणि तिला चिकटून राहायचं. आमच्याकडे एक होते, वडिलांनाही दाद द्यायचे नाहीत. आता पाचच्या आत देतात." दादा समोरच जेवत होता. त्याने वरण-भातात लिंबू पिळलं आणि खाली मान घालून जेवत राहिला. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही.

दोनेक वर्षं अशी शांततेत गेली.

त्या वर्षी गणपतीच्या दिवसांतच दहा तारीख आली. आमच्याकडे गणपती गावच्या घरी बसतो, पाच दिवसांचा. धाकटा बायको-मुलांना घेऊन आला होता, त्याचा मेहुणाही दर्शनाला आला होता. संध्याकाळची आरती झाली, वहिनी आणि मी प्रसाद वाटत होतो, घर माणसांनी भरलेलं. तीन नंबरवाली मुलींना घेऊन आली. तिने देवापुढे दूर्वा ठेवल्या, नमस्कार केला, आणि वळून कमरेच्या पिशवीतून नोटा काढल्या.

"दादा, हे घ्या. म्हटलं देवाला यायचंच हाय तर देऊन टाकावं."

दादा गडबडला. "अगं, नंतर दे ना. आत्ता कुठं घाई..."

"न्हाई न्हाई. आज दहा तारीख. आजचं आज. कधी चुकवलंय का आम्ही?"

धाकटा भिंतीला टेकून बसला होता, हातात मोदकाची बशी. त्याने अगदी सरळ आवाजात तिला विचारलं, "वहिनी, तुम्ही पाचला नाही देत भाडं?"

"न्हाई की. दहालाच देतो. बाबांच्या येळपासनं." तिला वाटलं, तो तिचं कौतुकच करतोय. ती हसून म्हणाली, "तुमच्या दादांना विचारा, एक महिना मागंपुढं न्हाई."

मेहुण्याने धाकट्याकडे पाहिलं आणि पटकन दुसरीकडे पाहिलं. त्याच्या ओठांवर किंचित हसू होतं. मी पाहिलं ते. धाकट्यानेही पाहिलं.

माणसं पांगल्यावर धाकट्याने दादाला मागच्या अंगणात बोलावलं. मी भांडी घेऊन नळावर आले होते, म्हणून सगळं माझ्यासमोरच झालं.

"म्हणजे ही दोन वर्षं तू मला तुझ्या खिशातून देत होतास?"

"खिशातून काय रे? चार-पाच दिवसांचा तर परश्न. तिचे आले की भरून निघायचे."

"मला सांगायचं ना मग."

"सांगून काय केलं असतंस? तुझा हप्ता अडत होता. नाय अडला. झालं ना काम?"

"मी तुझ्याकडे भीक मागितली होती का दादा? मी भाड्याचा माझा वाटा मागितला होता. वेळेवर. तेवढंच."

"भीक?" दादाचा आवाज चढला. मी त्याला असा कधी ऐकला नव्हता. "घरात देव बसलाय आणि भीक बोलतोस? तुझ्या पानात पडलं ना? मंग ते कुणाच्या ताटातून आलं ते कशाला बघतोस?"

मला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल, दादा काहीतरी बोलेल, आणि हे निवळेल. मी नळ बंद करून म्हटलं, "अरे, आत माणसं आहेत, काय चाललंय?" धाकटा माझ्या बाजूने आत गेला, बायकोला म्हणाला, सामान घे. विसर्जनाला दोन दिवस होते. ते त्याच रात्री कल्याणला गेले. मुलं रडत होती, त्यांना विसर्जनाची मिरवणूक हवी होती.

मी त्या महिन्यात दोन्ही घरी जाऊन आले. धाकट्याला म्हटलं, "दादाने तुझं भलंच केलं ना रे?"

"भलं केलं तर सांगायचं. मी जगाला सांगत फिरलो, मी शिस्त लावली. आणि हा समोर बसून ऐकत होता. मनात हसत असेल."

"दादा हसणाऱ्यातला आहे का?"

"मग कीव करत असेल. ते त्याहून वाईट, ताई. आणि ताटाचं काय बोलला ते ऐकलंस ना तू? मी काय त्याच्या ताटातलं उष्टं खातो?"

दादाकडे गेले तर तो म्हणाला, "मना सांग बाय, मी काय वाईट केलं? पैसे उशिरा दिले तेव्हा वाईट, वेळेवर दिले तेव्हाबी वाईट."

"तू त्याला एक फोन कर."

"त्यानं करावा. भीक त्यानं काढली तोंडातून."

मी दोघांचं दोघांना सांगितलं, जमेल तेवढं मऊ करून. मऊ केलेलं त्यांना कळायचं. "त्याने असं म्हटलं नसणार, तू तुझ्या मनाचं सांगतेस," असं दोघंही मला म्हणाले.

दिवाळीनंतर धाकट्याने सांगितलं की एकत्र हिशेब नको, खोल्या वाटून घेऊ. तीन त्याच्या, तीन दादाच्या. एक ते तीन मला दे, असं त्याने म्हटलं. रस्त्याकडच्या त्या होत्या, कल्याणहून येऊन पाहायला सोयीच्या. दादाच्या मनात मात्र दुसरंच आलं. "त्याला तीन नंबर पायजे," तो मला म्हणाला. "त्या बाईवर राग काढायचाय त्याला." मी म्हटलं, असं काही नसेल. पण खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

वाटणी धाकट्याच्या म्हणण्याप्रमाणेच झाली. वर्षभरात तीन नंबरवाल्यांनी खोली सोडली. जाताना ती दादाच्या घरी आली, वहिनीच्या गळ्यात पडून रडली. तिला नीट बोलताही येईना. बाहेर टेम्पो उभा होता. दादाने तिला काही विचारलं नाही, ती काही बोलली नाही. टेम्पो गेल्यावर दादाने मला फोन केला. "काढलं त्यांना. बोललो होतो ना?"

त्या दिवसापासून दादाने धाकट्याचं नाव घेणं बंद केलं. आधी अबोला होता, पण त्यात कुणीतरी कधीतरी बोलेल अशी जागा होती. आता दादाच्या लेखी धाकट्याने एका गरीब कुटुंबाला आपल्यावरच्या रागापायी घराबाहेर काढलं होतं. धाकट्याला हे माहीतच नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की दादा आता त्याच्या मुलांशीही बोलत नाही.

एकदा जमत आलं होतं. दादाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा वहिनीने आणि मी दादाच्या मागे लागून त्याला पत्रिका घेऊन कल्याणला पाठवलं. तो एकटा गेला, नवा शर्ट घालून, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. गेला नेमका बुधवारी दुपारी, कारण ज्याच्या स्कूटरवर जायचं तो चुलत पुतण्या बुधवारी मोकळा असतो. धाकटा ऑफिसात होता. त्याच्या बायकोने पाणी दिलं, चहा दिला, थांबा म्हणाली. दादा अर्धा तास बसून परत आला. संध्याकाळी धाकट्याचा मला फोन. "मी घरी नसणार हे माहीत असताना आला. पत्रिका टाकायला कुणी पण येतं." मी पुतण्याच्या सुट्टीचं सांगितलं, तर म्हणाला, "ताई, तू नेहमी त्याची वकिली करतेस." लग्नाला तो आला. अक्षता टाकल्या, मुलीच्या हातात पाकीट ठेवलं आणि जेवायच्या आधी निघून गेला. दादा मांडवात त्याला शोधत होता, हे मी त्याला पुढे कितीतरी वेळा सांगितलं.

यानंतर काही वर्षांनी तीन नंबरवालीचा मला फोन आला. मोठ्या मुलीचा साखरपुडा होता, विठ्ठलवाडीला, त्यांच्या घरी. "तिघांनाबी यायला लागतंय, ताई. बाबांची लेकरं तुम्ही." मी हो म्हटलं. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी दादाने मला विचारलं, "तो कवा जाणार हाय?" आणि तासाभराने धाकट्याने विचारलं, "दादा कधी येणारे?" मी दोघांनाही सांगितलं, मला माहीत नाही.

मी सकाळीच गेले. घर छोटं होतं पण स्वतःचं. हॉलला झेंडूच्या माळा, बेडरूममध्ये शिवणाचं मशीन चादरीने झाकलेलं. ती स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होती. मी शेजारी बसून तिला मदत करू लागले. बोलता बोलता जुनी चाळ निघाली. मी म्हटलं, "धाकट्याने तुम्हाला खोली सोडायला लावली, त्याचं मला फार वाईट वाटलं होतं बघ."

तिचं लाटणं थांबलं. "कुणी सोडायला लावली?"

"धाकट्याने ना?"

"न्हाई ओ ताई! हे घर झालं म्हणून गेलो आम्ही. धाकल्या दादांनी तर दुसऱ्याच दिवशी डिपॉझिट दिलं, वर पोरींच्या हातात पाकीट. म्हणाले, काही लागलं तर सांगा."

"मग वहिनीकडे एवढी रडलीस का?"

"आता आवं, दोघी पोरी तिथंच लहानाच्या मोठ्या झाल्या. रडू येनार न्हाई व्हय?"

कढईतली पुरी लाल व्हायला लागली होती, ती तिने काढली. मग मी विचारलं, "आणि भाडं? धाकट्याला कधी द्यायचीस?"

"पाचला. त्यांनी पाच सांगितली, पाचला दिलं. संध्याकाळी." ती हसली. "एक सांगितली असती तर एकला दिलं असतं."

"मग दादाने सांगितलं तेव्हा का नाही दिलंस?"

"दादा कधी बोललेच न्हाईत तसं."

"कधीच नाही?"

"एकदा आले होते दारात. बसले, चा घेतला. पोरींना विचारलं, कितवीत आहात. आनि गेले."

मला दादा दिसला. तिच्या दारात, कपबशी हातात घेऊन, तोंडातला शब्द चहाबरोबर गिळत. मी विचारलं, "पण तुम्ही आधी द्यायचं का नाही? पैसे नसायचे का?"

"असायचे की. ह्यांचा पगार एक तारखेला व्हायचा." मग जराशी लाजून ती म्हणाली, "हसू नका ताई. पैसे घरात असले की बरं वाटायचं. डब्यात हात घातला की हाताला लागायचे. भाडं दिलं की डबा रिकामा. म्हटलं, द्यायचंच हाय, तर जितके दिस आपल्याकडं राहतील तितके राहू द्यात."

तिला यात काही विशेष वाटलं नाही. ती पुढची पुरी लाटू लागली. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी तिला हे विचारलं नव्हतं. वडिलांना विचारायची गरज वाटली नाही, दादाला धीर झाला नाही, आणि धाकट्याने तर तारीख सांगितली आणि ती पाळली गेली, त्याला विचारायचं कारणच नव्हतं.

दादा दुपारी आला, मुलीला आशीर्वाद देऊन, थोडंसं खाऊन गेला. तो गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी धाकटा वर आला. कपाळावर घाम. मी म्हटलं, उशीर केलास. तो म्हणाला, "खाली दादाला घेऊन आलेली स्कूटर दिसली. टपरीवर चहा घेत थांबलो."

त्या आठवड्यात मी दोघांना सगळं सांगितलं, या वेळी काही मऊ न करता, जसंच्या तसं. मला आशा होती. इतकी सोपी गोष्ट आहे, ऐकली की दोघांना हसू येईल, असं मला वाटलं होतं.

दादाने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "म्हंजे त्यानं काढलं नव्हतं त्यांना?"

"नाही."

"डिपॉझिट दिलं?"

"दुसऱ्या दिवशी."

"मंग त्यानं सांगायचं ना मना." आणि थोड्या वेळाने, "मी तरी कुठं विचारलं." तेवढं बोलून तो उठला, आतून पाण्याचा तांब्या आणला, मला दिला. मी म्हटलं, "दादा, आता तरी फोन कर." तो म्हणाला, "करीन. आता एकदम काय बोलू त्याला? इतकी वर्षं गेली."

धाकट्याने ऐकलं तेव्हा तो आधी हसलाच. "दादाने त्यांना सांगितलंच नव्हतं? एकदाही नाही?"

"जमलं नाही त्याला."

"एक वाक्य, ताई. एक वाक्य बोलायचं होतं." मग त्याचं हसू गेलं. "आणि त्यापायी तो दर महिन्याला घरातले पैसे काढत राहिला."

"तुझ्यासाठीच ना?"

"हो." तो खिडकीबाहेर बघत राहिला. मला वाटलं, झालं, आता हा फोन उचलेल. पण तो म्हणाला, "ते सगळं ठीक आहे. पण ताटाचं बोलला ते?"

भांडण भाड्यावरून सुरू झालं होतं आणि भाडं केव्हाच मागे पडलं होतं. आता त्यात एक शब्द धाकट्याचा होता, एक वाक्य दादाचं होतं, एक अर्धवट सोडलेलं विसर्जन होतं, एक न जेवलेलं लग्न होतं. तीन नंबरवालीच्या डब्याची गोष्ट ऐकून यातलं काहीच मिटण्यासारखं नव्हतं. मी ती फार उशिरा आणली होती. कधी वाटतं, त्या पहिल्या फोनच्या वेळीच मी रिक्षा करून चाळीत गेले असते आणि तिच्या दारात उभी राहून म्हटलं असतं, "अगं, पाचला देत जा," तर ती "बरं" म्हणाली असती. माझी सही झाली होती म्हणून मी गेले नाही. हक्क सोडलेल्या बहिणीला कुणी अडवलं असतं?

चाळ आता नाही. बिल्डरने ती आणि शेजारची दोन घरं घेतली, तिथे चौदा मजल्यांचं काम चालू आहे. करारावर दोघांनी वेगवेगळ्या दिवशी सह्या केल्या. दादा सध्या मुलीकडे, घोडबंदर रोडला राहतो. धाकट्याचं कर्ज फिटलं, तो कल्याणलाच आहे. मी मध्ये, ठाण्यात. दोघंही मला फोन करतात आणि फोन ठेवायच्या आधी एकमेकांचं विचारतात, सहज विचारल्यासारखं.

गेल्या महिन्यात दादाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी त्याच्याजवळ बसले होते. धाकट्याचा फोन आला.

"झालं का ऑपरेशन?"

"झालं. व्यवस्थित."

"कुठला डोळा?"

"डावा."

"थेंब वेळेवर घालतात ना? तो कंटाळा करेल."

"इथेच आहे तो. देते, तूच विचार."

दादा पट्टी बांधलेला चेहरा माझ्याकडे करून बसला होता.

"नको," धाकटा म्हणाला. "आराम करू दे त्याला. वहिनीला सांग, टीव्ही बघू देऊ नको म्हणावं."

मी फोन ठेवला. दादाने विचारलं, "काय बोलला?"

"कुठला डोळा, विचारत होता."

"डावा सांगितलास ना?"

"हो रे."

"डावाच हाय," दादा म्हणाला, आणि उशीवर मागे टेकून पडून राहिला.